कपिलेला ट्रंककॉल

दोहा, १९८३. ट्रंककॉलच्या रांगेत माझ्यापुढे दोघे गाववाले.

“बाजीराव, आपला रंगअण्णा कृषिमंत्री झाला!”

“तो गायी पाळणारा? निवृत्ती, उगाच काहीतरी!”

“आईशप्पत! आधी सभापती, मग आमदार, आता थेट लाल दिवा!”

“मग गावच्या रस्त्याचं बोल की. त्याच्याच गोठ्यात राबलास तू, तुझं ऐकंल.”

“बोलतो ना! यल्ला, चल, माझा नंबर आला.”

निवृत्ती बूथमध्ये शिरला. दार उघडंच.

“हॅलो, केसरवहिनी! निवृत्ती बोलतोय, दोह्यातनं! अण्णाला द्या... मुंबईला? बरं, बरं. आन् कपिला गाय कशी हाय?... काय सांगता! चार दिस पान्हाच सोडंना?”

“निवृत्ती, रस्त्याचं!”

“गप रे! वहिनी, रोज अण्णाच धार काढायचा, तिला दुसरा हात चालत न्हाई. माझा आवाज वळखंल ती. ओसरीवर आणा तिला, फोन कानाला लावा.”

“अरे, कॉलची तीन मिनिटं खलास होतील!”

“कपिले, ए कपिले! सोड गं माय पान्हा. मालक मंत्री झालाय. आता न्हाई यायचा.”