समोरच्याशी भांडण चालू ठेवण्याबद्दल

मग तुम्हीच सांगा, जावईबापू, धंद्यात विश्वास ठेवायचा कोणावर — जो रोज गोड बोलतो त्याच्यावर, की जो वर्षानुवर्षं रस्त्यापलीकडून शिव्या घालतो त्याच्यावर? गोड बोलणाऱ्यावर म्हणालात ना? वाटलंच मला. म्हणून तर सकाळचा प्रकार झाला. रागावलो नाहीये हो — बसा, ते मैद्याचं पोतं स्वच्छ आहे — तुमचं मन चांगलं आहे, तीच तर पंचाईत आहे. रस्ता ओलांडून गेलात, समोरच्या दुकानदाराचा हात धरून त्याला इथे आणलंत, माझ्या शेजारी बसवलंत, दोघांच्या हातात चहा दिलात आणि वर म्हणालात, झालं गेलं विसरा. केव्हा? तर मला यीस्ट पुरवणाऱ्या कारखान्याचा माणूस गल्ल्यापाशी उभा असताना! मी चहा तसाच खाली ठेवला. समोरच्याच्या कपाळावर घाम फुटला — आणि तुम्हाला वाटलं, गडी गहिवरला.

अहो, आमचं भांडण खोटं आहे. हळू — म्हणजे तुम्ही काही बोलला नाहीत, पण चेहरा जरा हळू करा, रस्त्यावरून दिसतोय. यीस्ट म्हणजे काय, जिवंत माल. पाव फुगतो तो त्याच्यावर. साठवून ठेवलं तर चार दिवसांत मान टाकतं, नाही ठेवलं तर गाडी अडकेल त्या दिवशी गावातल्या सगळ्या भट्ट्या थंड. मैद्याचं तसं नाही, मैदा पडून राहतो बिचारा, म्हणून मागची खोली छतापर्यंत भरलेली असते. पण यीस्टला खोली कामाची नाही, यीस्टला रस्ता लागतो — एक बंद पडला की लगेच दुसरा. माझा माल येतो नदीच्या पुलावरून, त्याचा डोंगराच्या वाटेने. पूल बुडतो, डोंगर खचतो, पण दोन्ही एका वेळी? माझ्या हयातीत तरी नाही. आणि दोन्ही कारखान्यांची अट एकच — आमचा माल ठेवणाऱ्याने दुसऱ्याचा विकायला घ्यायचा नाही. मी कुठे घेतो? मी उसना घेतो, मागच्या बोळातून. मग बेकरीवाल्याला देतो ते काय? — असले बारीक प्रश्न विचारायला तुम्ही आजच शिकलात का?

त्यात भांडणाचा फायदा बघा. दोन्ही कारखान्यांना वाटतं, ह्या दोघांचं वैर आहे, तेव्हा आपला माणूस तोंडघशी पडता कामा नये — की आमच्याच गाड्या आधी भरतात. मागच्या पुरात माझी फळी रिकामी होती, पण एकाही बेकरीवाल्याचं खोकं चुकलं नाही. त्याच दिवशी समोरचा भर रस्त्यात मला म्हातारा कोल्हा म्हणत होता. काय आवाज लावला होता! मलाच क्षणभर राग आला.

विश्वास म्हणाल, तर तुमचं स्थळ आणलं कोणी? मावशींनी, बरोबर. आणि मावशींना पाठवलं कोणी? — हे मी बोलायला नको होतं. आता बोललोच तर ऐका. समोरचाच मला बोळात म्हणाला होता, “मुलगा डोक्याने जरा सरळ आहे, पण शब्दाला पक्का आहे. मुलगी डोळे मिटून दे.” मी दिली. हसता काय, अर्धं वाक्य तुमच्या कौतुकाचं आहे.

पण आता ऐका. कारखान्याचा माणूस जाताना म्हणाला, तुमचं दोघांचं जमलंच असेल तर साहेबांना कळवावं लागेल, गावात दोन-दोन दुकानं कशाला. उद्या सकाळी परत येतोय. त्याने कळवलं की डोंगराकडचेही हात आखडणार, आणि वर नदीकडे आभाळ बघा कसं आलंय. पूल बुडाला तर गावाला पाव नाही. तेव्हा उद्या तो दारात आला की तुम्ही भांडायचं. मी नाही, तुम्ही — समोरच्याचंच म्हणणं आहे की चहा जावयाने पाजला, तेव्हा तोंडही जावयानेच सोडावं. तो हातगाडी मुद्दाम आमच्या पायरीला लावणार आहे, तेच भांडणाचं निमित्त. शिव्या येत नाहीत? सासूबाईंना विचारा, त्यांचा ह्यात हात कोणी धरणार नाही.

एवढं मात्र ऐका. रस्त्यावर वाट्टेल ते खोटं बोला. पण बोळातल्या दारात पावती नसते, साक्षीदार नसतो, समोरचा फक्त खोकं ठेवून जातो. त्याचं किती आलं, आपलं किती गेलं, तो हिशेब प्रामाणिकपणे ठेवा — एक खोकंही इकडचं तिकडे नको. जा आता. आणि जाताना तालीम म्हणून दार आपटा, समोरचा बघतोय.