सीट बेल्ट

फोनची बॅटरी मेली की माणसाचे कान उघडतात. खोपटच्या डेपोत बसच्या रांगेत प्रफुल्लचं तेच झालं. पुढे दोन मैत्रिणी बोलत होत्या; एकीच्या कडेवर चुळबुळणारी पोर.

"अमृता, आज पण सुट्टी?"

"काय करू मनाली! दोन वर्षांची पोर एका जागी बसत नाही, म्हणून डेकेअरवाल्यांनी परत पाठवली. आता अजून एक सुट्टी घेतली ना, तर नोकरीच गेली."

"मग आमच्या चिरागच्या डेकेअरला टाक. तासन्‌तास बसतो तो."

"चिराग? ती भिंगरी?"

"अगं, तिकडे सीट बेल्ट लावतात."

"व्हॅनमध्ये?"

"खुर्चीला गं. ओढणीचा."

"म्हणजे पोरांना बांधून ठेवतात?"

"बांधायला ती काय गुरं आहेत? बेल्ट लावतात. सेफ्टी असते."

"शी! तू आई आहेस ना? रडत नाही तो?"

"आधी रडायचा. आता शहाणा झालाय."

"मला तर ऐकूनच कसंतरी होतंय बाई."

बस आली. दोघी प्रफुल्लच्या पुढच्याच सीटवर बसल्या. वर्तकनगर आलं तशी अमृता मनालीकडे वळली.

"मनाली..."

"बोल ना."

"ती ओढणी घरून द्यायची, की त्यांचीच असते?"