एस्तेरबाईंच्या हंड्यांत फुलं कोणी खोचली?

कुर्रर्र... कुर्रर्र... धप्प.

बंधुभगिनींनो, हा आवाज तुमच्यापैकी किती जणांना आठवतो? कुंभवलीला एस्तेरबाईंच्या विहिरीवर रहाट होता, त्याचा हा आवाज. दोनदा कुरकुरायचा आणि कळशी पाण्यावर आपटायची. मी तेव्हा नवा मास्तर होतो. वर्गाची खिडकी त्या विहिरीकडे उघडायची. त्याच ठेक्यावर मी पोरांकडून कविता म्हणून घ्यायचो. दोन ओढी, एक विसावा. पुढं कितीतरी कविता विसरलो. ठेका राहिला.

एस्तेरबाईंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत. बोलणं जड जातंय. दुःखानं जड जातंय, असं म्हणण्याची रीत आहे. पण मला किळस येते म्हणून जड जातंय. तुमची येते, आणि तुमच्याआधी माझी.

त्यांच्या फोटोपाशी बघा. दोन पितळी हंडे मांडलेत. त्यांच्याच घरचे. त्यांत झेंडू खोचलाय. वा! किती सुंदर आरास! पंधरा वर्षं ते हंडे रोज सकाळी रिकामे असायचे, तेव्हा आपल्यातल्या एकालाही त्यांत वाकून बघावंसं वाटलं नाही. आज मात्र फुलं सुचली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाशेजारी कारखाने आले. एस्तेरबाईंच्या विहिरीचं पाणी आधी पिवळसर झालं, मग त्याला वास आला, मग ओठाला लावलं की जीभ चरचरायची. रहाट गप्प झाला. बाई एकट्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गुडघे कामातून गेलेले. सरकारी नळ दूर, त्यावर भांडणं. आणि ज्या कारखान्याचं सांडपाणी त्यांच्या विहिरीत मुरत होतं, त्याचे मोठे साहेब आपल्याच चर्चच्या मंडळीतले. आजही पुढच्या खुर्चीत बसलेत. आपल्या डोक्यावर फिरणारे हे पंखे त्यांनीच दिले. छान वारा येतो, नाही?

त्या वर्षीचा पहिल्या पिकाचा सण आठवतो? आपण सगळे वेदीपुढच्या टेबलावर शेतातलं, वाडीतलं पहिलं पीक ठेवतो आणि देवाचे उपकार मानतो. पहिलं पीक कसलं? चांगले चिकू बाजारात पाठवायचे आणि डागाळलेले प्रभूला. मी स्वतः एक भोपळा ठेवला होता. किडका भाग खाली करून. मास्तरच तो, त्याला मांडणी कळते.

एस्तेरबाई आल्या, लंगडत. पदराखालून तांब्या काढला आणि त्या टेबलावर ठेवला. आत पिवळं पाणी.

पाळकसाहेबांनी विचारलं, “हे काय, बाई?”

“आमच्या इहिरीचं यंदाचं पयलं पीक हाय, पाळकसाहेब.”

कोणी हसलं. कारखान्याच्या साहेबांनी रुमाल नाकाला लावला. आणि मंडळीचा पंच म्हणून कोण उठला? मी उठलो! कवितेचा मोठा भोक्ता. तांब्या उचलला आणि मागं मेंदीच्या कुंपणाशी रिकामा केला. शिंतोडे पँटवर उडाले. तो डाग कधी गेला नाही.

मला वाटलं, बाई रडतील. भांडतील. त्या मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तांब्या तरी द्या माघारी.”

मी म्हणालो, “एस्तेरबाई, साहेबांना असा टोमणा मारायचा का?”

“टोमना? मी त्यांना कुठं दाखवला? देवाला दाखवला. जे हाय ते त्याला दाखवायला नको? तुमी भोपला उलटा ठेवला, त्याला दिसत नाय व्हय?”

आणि आत जाऊन त्यांनी सगळ्यांत मोठ्या आवाजात उपकारस्तुतीची गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरू केलं. दोन हंडे चिंचेनं घासायचे, तोंड वर करून ओट्यावर ठेवायचे, पदर डोक्यावर घ्यायचा आणि म्हणायचं, “देवा, पान्याबद्दल तुझे आभार.” हंडे रिकामे, बरं का. मग काठी टेकत लोकांच्या वाडीत निवडायला-टिपायला जायचं.

आपण किती हसलो! “एस्तेरबाईंचा देव टँकर चालवतो काय?” हे वाक्य कोणाचं, ते सांगत नाही. तो माणूस आज काळी फीत लावून बसलाय.

मीही विचारलं, “बाई, पाणी आलंच नाही तर?”

त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी घंटा पोरं आल्यावर वाजवता का आधी?”

आणि पाणी यायचं! दुपारी बाई परत येत तेव्हा हंडे भरलेले असत. गोडं, नितळ पाणी. मघाशी आपल्यापैकी एकजण इथून म्हणाले, हा चमत्कार होता, आकाशातून झालेली कृपा होती. चमत्कार! फार सोयीचा शब्द आहे. चमत्कार म्हटलं की आपल्याला हंडा उचलावा लागत नाही. शेजारच्या उमरोळी गावात माझ्या घरी विहीर आहे. गोड पाण्याची. माझ्याकडे सायकल होती. पंधरा वर्षांत मी त्यांच्यासाठी एक कळशी नेली नाही. आभार मात्र दर रविवारी मानले, शुद्ध मराठीत.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना खोदून विचारलं. “पाणी देतो कोण?”

“देव.”

“कोणाच्या हातानं?”

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “ते नाय सांगायची. नाव घेतलं तर त्या हाताची भाकर जाईल. त्याला ठावं हाय, मला ठावं हाय, पुरे.”

त्या गेल्या आणि ते नावही घेऊन गेल्या. आता आपण मौन पाळू, फुलं वाहू आणि घरी जाऊन गार पाणी पिऊ. एवढंच आपल्याला...

दारात कोण आहे?

जरा वाट द्या तिला. सरका. चपलांच्या ढिगात उभी राहू नकोस, बाई, पुढं ये. डोक्यावर काय? हंडा?

ही बुधी. डोंगराकडच्या पाड्यावरची. साहेब, तुम्हाला ओळख करून द्यायला नको. तुमच्याच बंगल्यावर झाडलोट करते. काय म्हणालीस, बुधी? मोठ्यानं सांग, मागं ऐकू जात नाही.

“बाय नाय, तर काय झालं? एवढी मानसं जमलीत. पानी नको त्यांना?”

कुठून आणलंस, ते विचारत नाही. पंधरा वर्षं कुठून आणलंस, तेही नाही. साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं, नळ कुठला ते. बसा, साहेब, बसा. उद्या हिचं काम सुटलं, तर मी रोज तुमच्या फाटकाशी येऊन हिचं नाव घेईन. म्हातारा झालोय, पण जन्मभर वर्गावर ओरडलोय.

ती फुलं काढा कोणीतरी हंड्यांतून. नको, राहू द्या. मी काढतो. या हातांनी एकदा तांब्या रिकामा केलाय.

ओत, बुधी. आणि तुम्ही सगळे उभे राहा. पाणी पडण्याचा आवाज थांबेपर्यंत कोणी एक शब्द बोलू नका.