आईची बोर आणि स्वस्तातला चाकू

स्वस्तातला घडीचा चाकू घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी त्याला करकंबच्या आमच्या शिवप्पाकडं धाडतो. शिवप्पा म्हणजे पाव्हण्याच्या चहातपण साखर हात आखडून घालणारा गडी. त्याच्या आईनं लावलेली बोर रस्ता रुंद करताना तोडली. पठ्ठ्यानं तिच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. त्यांच्यावरचे डोळे, म्हंजे कोंब फुटायच्या जागा, सालीसकट सोलून रानातल्या जंगली बोरीच्या खुंटावर बांधले की तीच बोर पुन्हा येणार. त्यासाठी टेंभुर्णीच्या स्टँडवरनं घडीचा चाकू घेतला.

मी म्हटलं, "शिवप्पा, ह्यानं केळं तरी कापंल का?"

"तू गप की! पातं कसं चकाकतंय बग."

चकाकत व्हतं, पण खिळ्यात डुगडुगत व्हतं. एकेक डोळा सोलायचा सोडून चेंगरतच गेला. शेवटच्याला तर चाकू मधीच मिटला आन् डोळ्याचे तुकडे झाले.

मी चिडवायला तोंड उघडलं, पण त्याचं तोंड बघून खाली पडलेले तुकडे गोळा करायला लागलो.

पुढं त्यानं सोलापुरातनं कलमाचा भारी चाकू आणला. म्हणाला, "बग, केस कापतोय."

"व्हय की, लई धार हाय."

"हाय की. पर आता कापू काय?"