पेटीत न मावणारं पिस्तूल

हॅलो?… हॅलो, हां, बोल सत्यभामा… ऐकू येतंय गं, पण तुझ्यामागे तो मिक्सर चालू आहे तो बंद कर आधी… मिक्सर नाही? मग काय आहे?… मोहन घोरतोय? तुमच्याकडे आता दिवेलागण झाली असेल. लग्नाची कामं करायला आलाय ना तुझा भाऊ?… बरं बरं. दमला असेल.

हो, जेवलो… खरंच जेवलो. खबूसची रोटी आणि डाळ… साडेतीन वाजलेत इथे. मुदीर नमाजाला गेलेत, म्हणून दहा-पंधरा मिनिटं हात मोकळा आहे… अगं मुदीर म्हणजे आमचे साहेब. नबीलसाहेब. नेमबाजीचा क्लब त्यांचा, सही त्यांची.

नाही.

नाही झाली रजेवर सही… अगं ऐक ना… हो, लग्नाला अठरा दिवस राहिलेत, माहीत आहे मला. रोज सकाळी दात घासण्याआधी मोजतो… मला यायचं नाही असं वाटतं का तुला? अवंतीचा साखरपुडा मी मोबाइलवर बघितला, तोही अर्धा. मध्येच नेट गेलं. जावयाचा डावा कान तेवढा पाहिलाय मी अजून.

मागितली. तीनदा मागितली. दर वेळी तेच… विश्वनाथ, आधी स्पर्धा होऊ दे, मग रजेचं बघू. स्पर्धा उद्या आहे, आज सामानाची तपासणी. त्या टेबलावरच बसलोय सकाळपासून.

सुतारच आहे गं मी अजून. टार्गेटच्या चौकटी गेल्या आठवड्यातच ठोकून झाल्या. पण व्हर्नियरवर बारीक माप वाचता येणारा क्लबात मी एकटा, म्हणून दर स्पर्धेला पिस्तुलं मापायला मला बसवतात… सोपं? ये एकदा आणि बस माझ्या जागी. पिस्तूल कमरेच्या पट्ट्यापासून किती लांब लटकतंय ते बघायचं. पाच सेंटिमीटर. त्यापुढे गेलं की बाद… पोट? नाही, पोटाला नियम नाही. तीच तर भानगड आहे. पोट वाढलं की पट्टा तिरपा होतो, पट्टा तिरपा झाला की पिस्तूल लांब जातं, आणि मग तो माणूस माझ्याकडे असं बघतो, जसं काही ते पोट मीच वाढवलंय. श्वास धरून उभे राहतात. मी म्हणतो, साहेब, सावकाश, श्वास सोडा. सोडला की बाद.

हस, हस. घरात बसून हसायला काय जातंय?

आणि मग पेटी… तेच सांगतोय. पिस्तुलाला गोळ्यांचा रिकामा डबा लावायचा आणि ते अख्खं एका पेटीत ठेवायचं. झाकण नाही, दाबायचं नाही. ठेवलं की बसलं पाहिजे. नाही बसलं तर गटातून बाहेर, थेट खुल्या गटात… खुला म्हणजे जिथे सगळे पिस्तुलावर काच बसवून, लाल ठिपका बघून मारतात. साध्या पिस्तुलवाल्याने तिथे जायचं म्हणजे सायकल घेऊन मोटारींच्या शर्यतीत उतरायचं. इथे नेम चुकला तर चालतं गं, पिस्तुलाची लांबी चुकलेली चालत नाही.

सही, सही… त्यावरच येतोय ना! तू मध्ये बोलतेस म्हणून लांबतंय.

स्वप्नाताई आठवतात?… त्याच, कोल्हापूरच्या डॉक्टर, माझा खांदा धरला होता तेव्हा इंजेक्शन दिलं होतं त्यांनी. त्या खेळतात इथे. सकाळी त्यांचं पिस्तूल पेटीत बसलं नाही. एका मिलिमीटरने. परवा नवी पेटी आली ना, पोलादी, शिक्का मारलेली, तिच्यात. त्या म्हणाल्या, काका, वर्षभर तुमच्या लाकडी पेटीत बसत होतं. मी म्हटलं, ताई, तुम्ही मागून काहीतरी जोडलं असणार.

हो… म्हटलं तसं. चारचौघांत म्हटलं. वर हेही म्हटलं, की पेटी खोटं बोलत नाही. त्यांनी कागद घेतला आणि गेल्या खुल्या गटात.

मग दुपारी खबूस मोडताना माझी लाकडी पेटी समोर होती. मीच केलेली, गेल्या वर्षी, सरावासाठी. हात रिकामा होता म्हणून सहज व्हर्नियर लावला… सत्यभामा, दोन मिलिमीटर. मोठी आहे. माझी पेटी.

नाही नाही, माप बरोबर घेतलं होतं. कागदावर अजून लिहिलेलं आहे. ते दोन मिलिमीटर हाताने सोडले… अगं हाताने म्हणजे, सवयीने! बापाने शिकवलंय ना, लाकूड पावसात फुगतं, दार असो, खिडकी असो, फुगायला जागा ठेव. चाळीस वर्षं ठेवतोय. आपल्या गावातलं माझं एक तरी दार श्रावणात अडकलेलं दाखव मला… पण इथे रियाधला कुठला श्रावण? वर्षात दोनदा पाऊस पडला, त्यातला एक मी झोपलो होतो तेव्हा. फुगणार काय आणि कशाने? बसलीय तशीच, माझे दोन मिलिमीटर पोटात घेऊन.

कळलं ना तुला आता? कळलं.

हो. नबीलसाहेबांचं पिस्तूल. त्यांनी वर्षभर माझ्याच पेटीत ठेवून-ठेवून नळी लांब करून घेतली. बसतंय का विश्वनाथ? बसतंय मुदीर. अजून थोडी वाढवू? वाढवा मुदीर. घासून बसायचं ते. म्हणजे नव्या पेटीत जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर… मोजायला कशाला हवं? डोळ्यांनी दिसतंय मला. आणि यादीत शेवटचं नाव त्यांचंच आहे.

कानस? अगं ते स्वयंपाकघराचं दार आहे का, खालून रंधा मारला आणि लागलं? नळी आहे ती. तिच्यातून गोळी जाते… पेटीला मारू? पोलाद आहे. आणि शिक्का मारलेला आहे.

…हो. तेही सुचलं होतं.

खरं सांगू? तू म्हणायच्या आधीच केलंय. पोलादी पेटी टेबलाखाली ठेवलीय, खोक्यात. पाय लागतोय मला तिचा. वर लाकडीच आहे… नाही, कुणी बघणार नाही. टेबलावर माझ्या जोडीला असतो तो इस्मत चहा प्यायला गेलाय. ठेवायचं, बसलं म्हणायचं, कागदावर खूण करायची. उद्या ते जिंकतील, परवा माझी सही, तेरवा तिकीट. सोपं आहे. मी कुठे अवघड म्हणतोय?

फक्त त्या बाईंना मी खोटं पाडलं ना.

बोल… बोल ना. तू सांग. तू म्हणशील तसं करतो… माझं मी बघू? वा! महिनाभर रोज फोन करून सही-सही-सही, आणि आता ऐन वेळी माझं मी?

कोण बोललं ते?… अवंती? तिच्याकडे फोन कशाला दिलास?… स्पीकरवर? मगापासून? अगं सगळं घर ऐकतंय?… मोहनपण? तो झोपला होता ना!… उठून बसलाय. छान.

बोल बाळा… हं… हं… नाही, ते बरोबर आहे तुझं, पण… कन्यादान मामा करेल?… मोहन?… नाही, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ऐकतोय तो… पण अवंती, अडीच वर्षं झाली मला इथे. तुझ्या लग्नाला बाप नाही, आणि का नाही, तर पेटी चुकली म्हणून… अं?… खोटं मापून येऊ नका. असं म्हणतेस.

बरं.

बरं, ऐकलं… रडू नकोस. तुझी आई रडतेय ती पुरे आहे.

थांबा. आले. फोन ठेवू नका, वरच्या खिशात टाकतो… आणि कुणी खोकू नका तिकडे.

सलाम आलेकुम, मुदीर… जी, सब तैयार. आपका ही बाकी है… नहीं मुदीर, ये पेटी नहीं. एक मिनट, नीचे है… हां, ये नई वाली. इसमें रखिए… दबाना नहीं, मुदीर. रूल में दबाना नहीं है… तिरछा भी नहीं… नहीं बैठता.

जी. लकडी वाली में बैठता है. लकडी वाली गलत है. मैंने बनाया, दो मिलिमीटर बडा बनाया… बारिश में लकडी फूलता है ना, इसलिए… नहीं, इधर नहीं. हमारे मुलुक में… जी, मालूम है, इधर बारिश नहीं है… नहीं मुदीर, मजाक नहीं करता… जी, पूरा साल… डॉक्टर मॅडम का भी मेरा ही गलती है. सुबह मैंने उनको गलत बोला… आपको ओपन में जाना पडेगा. मैं लिखता हूं. इधर साइन… आपका.

…जी?

कौन सा कागज? छुट्टी का?… है, जेब में है… अभी?… पंधरा दिन लिखा है, मुदीर… काटा क्यों?… जी… जी, समझा. इस्मत को? दे दूंगा. व्हर्नियर भी दे दूंगा… शुक्रान, मुदीर. शुक्रान.

…

हॅलो? आहात का सगळे?… झाली. सही झाली… अगं किंचाळू नका, कानाशी आहे फोन!… हो. आणि पंधराचे तीस केले. स्वतःच्या हाताने खोडून… खूश कुठले? म्हणाले, महिनाभर तुझं तोंड मला दिसता कामा नये… नाही, कामावरून नाही काढलं. टेबलावरून काढलं. टेबल आता इस्मतचं. परत आल्यावर मी बाहेर, उन्हात, चौकटी ठोकायला… हो, खांदा दुखेल. दुखू दे.

महिना जास्त होतो? कुणाला?… पाहुणे आहेत, ते मान्य. पडवीत झोपेन मी… अगं, नवरीचा बाप पडवीत झोपला तर लोक काय म्हणतील, हे आता तू मला विचारतेस? तूच तर जागा नाही म्हणालीस!… बरं, ते आल्यावर ठरवू.

तिकीट रात्री काढतो… नाही, आत्ता नाही. आत्ता एक काम राहिलंय… विमानापेक्षा मोठं आहे. स्वप्नाताई निघाल्यात गाडीकडे… अगं, ठेव ना तू… हो, आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं, कळतंय मला… ठेव.

ताई! ओ ताई, जरा थांबता का?… नाही, इथे नको. सकाळचे सगळे तिकडे सावलीत उभे आहेत ना, त्यांच्यासमोर चला.