ड्रॉ म्हणजे ओढणे

नाही, पण मला सांगा, माणसानं ओढायचं तरी किती? सकाळपासून ओढत होतो! एवढासा वीतभर ड्रॉवर, तोही शिलाई मशीनचा, आणि ओढत होता कोण? तर नळदुर्गात उभा जन्म इंग्रजी शिकवलेला माणूस, ज्याला पोरं पाठीमागं ‘ड्रॉ मास्तर’ म्हणतात! का म्हणतात? अहो, नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर हाच शब्द घेतो. म्हणा रे सगळे... ड्रॉ म्हणजे ओढणे!

तुम्हाला सांगतो, लई राबलेला शब्द आहे हा. इंग्रज हजार वर्षांपूर्वी गाडी ओढायचे, जाळं ओढायचे, म्यानातनं तलवार ओढायचे, तेव्हापासूनचा. ‘ड्रॅग’ त्याचा सख्खा भाऊ. मग चित्र काढण्याला ड्रॉ का? तर पेन्सिल कागदावरनं ओढतात म्हणून! आपण नाही का रेघ ओढत? आडातलं पाणी ओढा, ड्रॉ. पडदा ओढा, ड्रॉ. श्वास ओढा... तोही ड्रॉच. सामना ड्रॉ का होतो, ते मात्र पंडितांनाही पक्कं ठाऊक नाही. आणि जो ओढला की बाहेर येतो, तो ड्रॉवर! येतो म्हणे! म्हटलं, ये की मग बाबा!

कशाला पाहिजे म्हणता? अहो, उद्या नातीचं बारसं. आमच्या महेश्वरीचं पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं. पण माहेरी आई नाही, म्हणून सोलापूरला सासरीच झालं. आमची मंडळी श्रावणात गेली, तेव्हा पोरीला पाचवा होता. पोरीचा काल फोन. “पप्पा, तुम्ही काही आणू नका. आईनं शिवलेली कुंची तेवढी आणा. मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय म्हणाली होती.” म्हटलं, आणतो. त्यात काय एवढं? ड्रॉ म्हणजे ओढणे!

ओढला. हलेना. श्रावणापासून कुणी हात लावला नाही, पावसाळ्यात लाकूड फुगलेलं... शेजारचा धोंडप्पा आला. “सर, व्हा बाजूला. हे काम इंग्रजीचं न्हाय, मनगटाचं हाय!” भिंतीला पाय लावून असा हिसका दिला म्हणता... मूठ धोंडप्पाच्या हातात, धोंडप्पा ज्वारीच्या पोत्यावर, आणि ड्रॉवर जागच्या जागी! तेवढ्यात त्याची आई, इरम्मा, चहा घेऊन आली. कप राहिला हातात आणि म्हातारी लागली ओरडायला, “एळी! एळी!” जत्रेत रथ ओढताना ओरडतात ना, तसं! म्हणजे कानडीतसुद्धा तेच... ओढणे!

मग आला उमाशंकर, हार्डवेअरवाला. कटर घेऊनच आला. “एका मिन्टात फाडतो, सर. जुनाट लाकडाचं काय एवढं?”

म्हटलं, “लाकडाचं नाही रे. आत कापड आहे. तुझं पातं त्यातनं गेलं तर?”

“मग नवी कुंची घ्या की! बाजारात ढिगानं पडल्यात.”

म्हटलं, जा सगळे, जेवून या. गेले. मी आपला टेकलो. कुठं? तर तिच्या स्टुलावर. घरात एवढ्या खुर्च्या असून! आयुष्यात कधी बसलो नव्हतो त्या स्टुलावर. स्टूल बुटकं, पाय आत घेताना गुडघा वर आदळला... धप्!

आणि तुम्हाला सांगतो, तो आवाज! रोज दुपारी आतल्या खोलीतनं हाच आवाज यायचा. मी पेपर तपासत ओरडायचो, “अगं, मोडशील!” आणि आतनं उत्तर यायचं, “तुमचं ते ड्रॉ शाळेत ठेवा! ह्याला ओढायचं न्हाय, खालनं गुडघा द्यायचा!”

ड्रॉवर आपोआप सरकला. गुपचूप. माझ्या मांडीपर्यंत आला.

वरच कुंची. निळ्या खणाची. एक बंद लावलेला. दुसऱ्यात सुई तशीच... दोरा लोंबतोय.

इरम्मानं दुसरा बंद लावून दिला. चष्मा नव्हता तरी लावला. तिला म्हटलं, सुई मात्र इकडं द्या.

झालं. कुंची पिशवीत, सकाळची एस्टी आहे. पण आता हा ड्रॉवर लागत नाही! लोटतोय, गुडघा देतोय, धप् धप् चाललंय... धोंडप्पा खिडकीतनं विचारतो, “सर, आता ढकलायचं व्हय?” ढकल बाबा, तूही ढकल! नाहीच लागत. राहू दे उघडा. येता-जाता लागेल गुडघ्याला, लागू दे. उघडायचं कसं, ते बिचारी रोज ओरडून सांगायची... लावायचं कसं, ते विचारायचं राहूनच गेलं.