खिडकीखालचा विद्यार्थी

...नाही, पण घाबरायला काही प्रमाण हवं की नको? तुम्हाला सांगतो, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पोरं झुरळाला घाबरतात, सेक्रेटरीला घाबरतात, समजू शकतो. पण शेजारच्या दिगंबरराव सरवद्यांची उत्कर्षा, अकरावी सायन्स, दहावीला पेढे वाटलेली पोरगी, ती घाबरली कशाला? गणिताला! आणि गणितापेक्षाही जास्त, 'गणित सोडायचंय' हे बाबांना सांगायला! कॉलेजच्या बोर्डावर कागद डकवलेला: 'गणिताऐवजी भूगोल घ्यायचा असल्यास पालकांच्या सहीचा अर्ज आणावा. बदल शनिवारपर्यंतच. नंतर येऊन रडू नये.' पुण्यातलं कॉलेज, आणखी काय लिहिणार!

बरं, सांगणार कसं? दिवस कसले हो हे! ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर, सोसायटीतली अर्धी पोरं अमेरिकेत, उरलेली पासपोर्टच्या रांगेत. दुसऱ्या मजल्यावरच्या अभिनवनं भूगोल घेतला, तर दिगंबरराव जिन्यात उभे राहून म्हणतात कसे, "भूगोल? अमेरिका कुठंय ते समजून काय करायचंय? जायचं तर गणित लागतं!" आणि उत्कर्षा मागं उभी, हातात भाजीची पिशवी!

त्यात तो नारायण पेठेतला गणिताचा क्लास! वरच्या मजल्यावर दीडशे पोरं, सरांना माईक, खिडक्या सताड उघड्या, आणि खाली रस्त्यावर स्कूटरी लावून उभे कोण? सगळे बाप! दोन-दोन तास! सर वर 'लिमिट' म्हणाले की खाली बाप माना डोलावतात! आता सांगा, अशात त्या पोरीनं शिकायचं कसं? सर गरजणार, "ए, तिसऱ्या बाकावरची, ऊठ! पुढची पायरी काय?" आणि ते अख्ख्या पेठेत ऐकू जाणार! पोरगी उभी राहायची, तळहात गार, घसा कोरडा, फळ्यावरची अक्षरं नुसती मुंग्यांसारखी... आणि डोक्यात एकच, खाली बाबा ऐकतायत, खाली बाबा ऐकतायत!

शुक्रवारी ठरवलं, परतताना स्कूटरवर सांगायचं. म्हणजे त्यांचं तोंड तरी दिसणार नाही! डेक्कनला म्हणाली, "बाबा..." "काय गं?" "काही नाही." कर्वे रोडला, "बाबा..." "अगं, काय?" "समोर बस आहे." घर आलं! आणि बदल शनिवारपर्यंतच!

शनिवारी सकाळी दिगंबरराव आरशासमोर, अर्धा गाल फेसात. पोरीनं डोळे मिटले आणि एका दमात, "बाबा-मला-गणित-जमत-नाही-मला-रोज-रडू-येतं-मला-भूगोल-घ्यायचाय!" झालं! वस्तरा थांबला. ती आपली वाट बघतेय, आता ओरडतील, आता ओरडतील...

आणि दिगंबरराव हळूच म्हणतात कसे, "म्हणजे... तुलाही कळत नाही?"

तुलाही!

"मला वाटायचं, मलाच कळत नाही," म्हणाले. "अगं, ऑफिसात कॉम्प्युटर आलाय. त्या खोलीत चपला काढून जायचं, साहेब म्हणतो, शिका नाहीतर घरी बसा. मला त्या मशीनची भीती वाटते गं. बटण दाबायला बोट पुढं होत नाही. म्हटलं, कॉम्प्युटर म्हणजे शेवटी गणितच, खिडकीखाली उभं राहून चार गोष्टी कानावर पडतील, थोडा धीर येईल..." पाटबंधारे खात्यात केस पांढरे केलेला माणूस हो, आणि पोरीपुढं फेस लावून रडवेला! उत्कर्षाला वाटलं, आपण उगाच या माणसाला घाबरलो. मिठीच मारली, गालाला फेस लागला तरी!

सही केली त्यांनी. लगेच केली! पण कागद हातात देता देता म्हणतात, "उत्कर्षा, तू क्लास सोडल्यावर मला तिथं उभं राहू देतील ना गं?"

घ्या! पोरगी सुटली आणि बाप अडकला! तिनं भूगोल घेतला, मजेत नकाशे रंगवतेय. आणि दिगंबरराव रोज संध्याकाळी स्कूटर तिरकी करून, किक मारून निघाले नारायण पेठेत! परवा सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माईकवर हं, माईकवर! "अहो, खालचे! मुलगी गेली, आपण राहिलात. आनंद आहे. मंगळवारी चाचणी आहे, वर येऊन बसायचं. आणि पेन स्वतःचं आणायचं!"

तेव्हापासून दिगंबररावांच्या घशाखाली घास उतरत नाहीये! तळहात गार, घसा कोरडा, सगळं तेच! काल जेवता जेवता हळूच विचारतात, "उत्कर्षा, तुझ्या त्या भूगोलात... मला घेतील का गं?"

पोरीनं आमटी वाढली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बदल शनिवारपर्यंतच होता."